द्विवचन

खोली दोघांची घेतली होती, मार्चमध्येच.
पैसेही दोघांचे भरून झालेले.
बसमधून उतरले ती मी, आणि एक निळी बॅग,
एका माणसाच्या मानानं जरा मोठी.

फ्रांचिश्का दारातच होती. ऐंशीच्या पुढची,
पायात रबरी बूट, ओच्यात आलुबुखार.
माझ्या मागच्या रस्त्याकडे तिनं एकदा पाहिलं
आणि काही न विचारता
पलंगावरची दुसरी उशी उचलून
काखेत मारली.

बोहिनचं पाणी:
सरोवर म्हणावं तर धड्यातलं वाटतं,
तळं म्हणावं तर समोरचा काठ दिसायला डोळे बारीक करावे लागतात.
इतकं नितळ, की होडीची सावली
होडीपासून सुटून खाली दगडांवरून चालते.
ऑगस्ट. वर एका घळीत मूठभर बर्फ,
कुणीतरी धुणं विसरून गेल्यासारखा.

होडीवर तिकिटं फाडणारी टिंकारा तिची नात.
उन्हाळाभर हे काम, मग ल्युब्लियानात कॉलेज.
ती म्हणाली, आजी सारखी 'मिद्वा, मिद्वा' म्हणते ना?
मिद्वा केक केला, मिद्वा उद्या गवत कापणार.
ते 'आम्ही' नव्हे. आम्ही दोघं.
आमच्यात एक, दोन, आणि मग पुष्कळ, असं मोजतात.
मातेऊझ आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली.
तिनं वचन काही बदललं नाही.

वचन हा शब्द अर्थातच माझा.
तिनं इंग्रजीत काहीतरी साधंसं म्हटलं होतं.

आठवीत घोकलेलं आठवलं, देवः देवौ देवाः.
मधल्या रकान्याचा मला भारी राग यायचा.
मराठीनं तो केव्हाच टाकून दिलेला,
दोन मार्कांसाठी कोण पाठ करणार?
मी ऑप्शनला टाकला.

मंगळवारी दुपारी व्होगेलमागून ढग आला
आणि कापलेलं गवत उतारावर तसंच.
येर्नेयचा ट्रॅक्टर नेमका बंद.
फ्रांचिश्का दोन दंताळी घेऊन आली, लाकडी दातांची.
एक तिच्या मापाचं.
दुसऱ्याचा दांडा जिथं गुळगुळीत झाला होता
तिथं माझे हात पोचतच नव्हते.
मी माझ्या जागी धरलं.

ओढायचं, गोळा करायचं, मांडवाच्या आडव्या बाटांवर
कवळ्या चढवायच्या. कोझोलेत्स म्हणतात त्याला,
घराला भिंती लावायच्याच राहून गेल्या, असा दिसतो.
हातांना फोड. नाकात धूळ आणि पुदिना.
ती मला ओरडत होती, बहुधा चुकतंय म्हणून.
मीही ओरडले, मराठीत. बरं वाटलं.

गारा आल्या तेव्हा शेवटची कवळी माझ्या छातीशी होती.
छपराखाली दोघी उभ्या,
समोर तळं उकळल्यासारखं.

येर्नेय सायकल ढकलत, भिजत आला,
भरलेल्या मांडवाकडे बघून काहीतरी विचारलं.
कुणी केलं एवढं, असंच असणार.
ती म्हणाली: मिद्वे.

एवढीच एक मात्रा.
दोन बायका असल्या की शेवटचा स्वर बदलतो,
हे टिंकारानं नंतर सांगितलं. पण मला तेव्हाच ऐकू आलं होतं.

मातेऊझला तिनं तेवढ्यापुरतं
बाकावर बसवलं असेल. संध्याकाळी सूप वाढताना
तो परत आलेला होता.

मला तिला सांगायचं होतं
की आमच्याकडे मधला रकाना नाही, पण
'आम्ही' वेगळं असतं आणि 'आपण' वेगळं,
त्यात समोरच्यालाही आत घेतात.
तेवढी भाषा दोघींकडे नव्हती.
मी म्हटलं, सूप छान. ती म्हणाली, मीठ कमी.

रात्री केसांतून गवताची काडी निघाली.
सकाळी तिला खुणेनं म्हटलं, आणखी राहते.
तिनं दोन बोटं वर केली.
दिवस की माणसं, ते मी विचारलं नाही.
मान हलवली.