चौथ्या मजल्याची थंडी

बिल आलं तेव्हा मालकाच्या मुलानं
ते टेबलावर पालथं घातलं,
वास कुठून येतोय बघायला
मासा उलटा करतात तसं.
"एल्पिदियो," तो म्हणाला,
"इमारत तीच, माणसं तीच, मग हा आकडा कुणाचा?"

दर वाढलेत, मी म्हणालो.
दर वाढलेत हे खरंच होतं.
पण खऱ्याच्या आडही माणसाला लपता येतं.
मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

तेवीस वर्षं मी या इमारतीच्या पोटात आहे.
सेबू शहर, बंदराकडून तिसरा रस्ता, अकरा मजले,
गच्चीवर चिलर, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा
आणि तिच्याचसारखा: एकदा सुरू झाला की ऐकत नाही.

त्या रात्री वही घेतली, टॉर्च घेतला,
तळघरात मीटरांसमोर स्टूल टाकून बसलो,
आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा.
अकरा वाजता. एक वाजता. तीन वाजता.
सातव्यावर कॉल सेंटर, तिथे जाग असणारच,
परक्या देशांचा संताप
आमची पोरं रात्रभर गोड आवाजात झेलतात.
पण चौथा?
चौथ्यावरची विमा कंपनी
मागच्या ईस्टरआधीच गाशा गुंडाळून गेलेली,
आणि चौथ्याची चकती
गरगर फिरत होती.

किल्ली लावली.
दार उघडताच थंडीनं तोंडावरून हात फिरवला.
अठरा अंश.
खुर्ची नाही, टेबल नाही,
भिंतीवर कॅलेंडरच्या जागी एक फिकट चौकोन,
आणि चौदा महिने कुणीतरी
त्या चौकोनाला घाम येऊ देत नव्हतं.
कुणीतरी म्हणजे मीच.

सकाळी सहाव्यावर गेलो.
बाहेर डांबर मऊ झालेलं
आणि हिशेबखात्याची तेओदोरा इबान्येस
लोकरी शाल पांघरून आकडे टाईप करत होती.
पायाशी, बुटांच्या खोक्यामागे, छोटासा हीटर, लालबुंद.
"रागावू नका मानोंग," ती म्हणाली,
"भिंतीवरचं बटण कितीदा फिरवलं, काही होतच नाही."
होणार कसं?
रंगकामात त्याची वायर तुटली होती कधीतरी,
बटण तेवढं राहू दिलेलं,
लोकांना फिरवायला काहीतरी असावं म्हणून.
वरून मी गारठा ढकलायचो, खालून ती ऊब,
आमची दोघांची कुस्ती
आणि तिकिटाचे पैसे मालकाचे.
हिशेबखात्यात नऊ हीटर निघाले.
हिशेबात एकही नव्हता.

मागे मनिलाहून दोघे आले होते, टाय लावून,
नव्या यंत्राचं गुळगुळीत पुस्तक ठेवून गेले.
यंत्र हवंच आहे, मी नाही म्हणत नाही.
तोवर चौथ्याच्या झडपा बंद केल्या,
तुटकी वायर जोडली, काटा चोवीसवर आणला.
पश्चिमेच्या काचांना नेनितानं
जाहिरातींचं जुनं कापड शिवून पडदे केले;
आता चारच्या उन्हात तिथे
कुठल्याशा शॅम्पूची बाई खाली डोकं वर पाय हसते.
दहाव्यावरचे वकील अजून भांडतात.
कोट घालायचा तर अठराच हवेत, म्हणतात.
मी म्हटलं, कोट काढा.
त्यांनी मालकाला पत्र लिहिलंय.

पुढचं बिल मालकाच्या मुलानं
सुलटंच ठेवलं. बोलला काही नाही.
तेओदोराची शाल खुर्चीच्या पाठीवर पडून असते.
हीटर तिनं घरी नेला नाही,
खणात ठेवलाय. माझ्यावर अजून
तेवढा विश्वास नाही तिचा. बरोबरच आहे.

परवा रात्री साडेअकराला चिलर बंद केला
आणि जिन्यात उभा राहिलो, सवयीनं, कान देऊन.
तेवीस वर्षांत ही इमारत
अशी गप्प कधी ऐकली नव्हती.
मग पाचव्याच्या वळणावर
पाल बोलली. खरीखुरी, भिंतीवरची.
रोजच बोलत असणार ती.