पाऊस अडवणारा

एकवीस जूनपासून आभाळ कोरडं.
बारागानच्या सपाटीवर वारा असा सुटलाय
की कुत्रंसुद्धा पाठ फिरवून भुंकतं.

काल गावातल्या पोरींनी अंगाला पानं बांधली,
दारोदार नाचल्या,
बायकांनी त्यांच्यावर बादल्या रित्या केल्या.
पाणी यावं म्हणून उरलंसुरलं पाणी सांडायचं,
ही इथली जुनी रीत.
माझी सिदोनिया त्यांच्यात होती.
घरी आली ती निथळत, कानात पाला.

आणि मी, तिचा बाप,
संशोधन केंद्रात पाऊस अडवायच्या नोकरीवर.

हसू नका. पगार मिळतो त्याचा.
बारा वाफे, रुळांवर सरकणारं प्लास्टिकचं छप्पर,
आणि वेतुरियाबाईंचा हुकूम:
ढग दिसला की ढकल, इलारिये.
तहान मोजायची तर
आधी ती पुरती लागू द्यावी लागते.

बाईंनी जुळवलेली सोयरीक तर ऐका.
आई इथली, तेलानं भरलेली, लाडावलेली;
बाप टेक्सासच्या वाळूतला रानटी,
पानांवर चंदेरी लव, डोकं बटणाएवढं.
पहाटे चिमट्यानं परागकोश वेचायचे,
फुलाला कापडी टोपी चढवायची,
मधमाशीनं मध्यस्थी करू नये म्हणून.
मग लेक पुन्हा आईच्याच घराण्यात द्यायची,
तिची लेक पुन्हा तिथेच.
सात उन्हाळे झाले.
बापाचं सगळं पुसत आणायचं,
फक्त तहान सोसायची खोड तेवढी ठेवायची.
(माझ्या सासूनंही हेच केलं असतं,
तिला चिमटा मिळाला असता तर.)

दुपारी बाई पानाला हात लावून बघतात,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
वहीत आकडा लिहितात. बोलत नाहीत.

रात्री सव्वादोनला पाऊस आला.
अख्खं गाव अंगणात.
सावेता म्हातारी अनवाणी, डोक्यावर उलटं घमेलं धरून
देवाला शिव्या घालत होती, आनंदानं.
मी सायकलवर, उलट्या दिशेनं.

तिसरं चाक रुळावरून उतरलेलं.
खांदा लावला. हललं नाही.
मागून सिदोनिया आली, रात्रीच्या झग्यात.
छपराखाली माना टाकून उभ्या त्या रांगा
तिनं विजेच्या उजेडात पाहिल्या.
"बाबा, यांनी काय केलंय?"

मला उत्तर सुचेना.
"ढकल," म्हणालो.
तिनं ढकललं.
घरी येईस्तोवर बोलली नाही,
आणि नंतरचे दोन दिवसही नाही.

सप्टेंबरात अकरा वाफे उपटून टाकले.
नवव्यातली चौदा झाडं उरली,
बुटकी, खालची पानं अजून हिरवी.
बाईंनी एक बी दाताखाली फोडलं,
टरफल थुंकलं.
"तेल कमी," म्हणाल्या,
"पुन्हा आईकडे धाडू."
आणि उरलेलं बी पाकिटात भरताना
बोटं थरथरत होती त्यांची.

जमिनीवर सांडलेली तीन बियाणं
सिदोनियानं उचलली. मी पाहिलं नाही.
घराच्या भिंतीलगत, जिथे पन्हळ गळते,
तिथे तिनं ती पुरलीत,
आणि रोज शाळेतून आली की
बाटलीतलं उरलेलं पाणी ओतते.