मधला कागद

दोन पानांना सोल्युशन लावून ठेवलं
की मधी जुना पेपर घालायचा.
सासरा शिकवून गेला. गिरमल त्याचं नाव,
सुभाषनगरात त्याच्यागत तळ कापणारा नव्हता.
"वाळायच्या आधी एकमेकाला लागलं का
फाडूनच काढायला लागतंय, पोरी,
आणि फाडलेलं कातडं
परत मापात बसत न्हाई."

हे मी डॉक्टर मुजावरबाईंना सांगितलो
तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

पहिलं ऑपरेशन गडहिंग्लजला, नऊ वर्षं झाली.
अंडाशयावरची गाठ, लिंबाएवढी.
टाके सुकले, बाहेरची रेघ पुसट झाली,
नणंद म्हणाली, बघ, दिसतंय तरी का कुठं!
पण पाटावर बसून
आरी घ्यायला वाकलो की डावीकडनं ओढ,
आत कुणी वादी घट्ट आवळावी तशी.

गॅस असंल.
वजन कमी करा.
बाईची जात, दुखायचंच.
सोनोग्राफी चार वेळा, चारी वेळा सगळं ठीक.
चिकटलेलं दिसत नसतंय, बघा,
ओढल्याबिगर.

वेण्या घालणं माझंच काम.
चामड्याच्या तीन दोऱ्या, बोटाएवढी रुंद,
दिवसाला आठ जोडांच्या.
पण आतडं, नळी, पोटाची भिंत
यांची वेणी मी कधी घातलो न्हाई.
ती आपापली पडली,
मी झोपेत असताना.

आता पिशवीतच गाठ निघाली.
राजारामपुरीतल्या त्या लहानशा खोलीत
बाईंनी बिलाच्या पाठीवर चित्र काढलं.
पोटाला आतनं अस्तर असतं, पातळ, ओलं,
कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
ते खरचटलं, कोरडं पडलं, रक्त साकळून राहिलं
की शेजारी असेल त्याला धरतं.
पहिल्या चार-पाच दिवसांतच.
"म्हणून हात हलका ठेवायचा,
ओल राखायची,
रक्ताचा थेंबनथेंब धुवायचा,
जुनं चिकटलेलं सावकाश सोडवायचं.
आणि निघताना मधी एक पडदा ठेवायचा.
तो आपोआप विरतो."

"म्हंजे पेपर काढायला
परत पोट उघडायचं न्हाई?"

हसल्या.
मग हसू आवरून म्हणाल्या,
"खात्री देत नाही, द्वारकाबाई.
कमी होतं. होणारच नाही, असं नाही."

नऊ वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.
तिथंच माझा जीव खाली बसला.
सासराही गिऱ्हाइकाला सांगायचा,
करकर वाजंल का न्हाई ते तुमचा पाय ठरवंल,
मी शिवून देतो.

पडद्याची किंमत ऐकून
नवरा जिन्यात बसला.
दीडशे जोडांच्या वेण्या, मी मनात मोजलो.
तो काही न बोलता उठला
आणि दुकानदाराकडनं उचल घेऊन आला.
घरात अजून त्याचा विषय काढत न्हाई.

दुसऱ्या दिवशी नर्सनं उठवलं.
चाला, आतडी जागी होऊ द्यात.
चालल्यानं चिकटायचं थांबतंय का? विचारलो.
ते कुणी सांगावं, म्हणाली, पण पडून काय मिळणार?
पायात दवाखान्याची रबरी स्लीपर.
चप्पल करणारीच्या पायात!
लाज वाटली, हसूही आलं,
हसलो तर टाक्याला लागलं.

आज अकरावा दिवस.
पडदा आता विरला असंल.
कसा विरतो, आवाज होतो का,
जाताना काय सांगून जातो,
मला कळलं न्हाई.

नवऱ्यानं समोर दोन पानं ठेवली.
मधला पेपर मी धरून हळूच ओढलो.
अखंड निघाला.
कातड्यावर मात्र उलटी अक्षरं उमटलेली,
कुठल्या तरी भांड्यांच्या सेलची जाहिरात.
त्याच्यावर तळ बसला की कुणाला दिसणार?

आरी पाटाखाली गेली हाय,
डाव्या बाजूला.
अजून वाकलो न्हाई.