आढ्यावरून दोर

दिवाळी सरली की आम्ही घराचे पावसाळी कपडे उतरवतो.
पडवीच्या झड्या सोडवून माळ्यावर,
इरली गोठ्यात, फाटकं प्लास्टिक लाकडांवर.
खळं चोपायचं, सारवायचं, वर मांडव घालायचा.
मार्गशीर्षात घर असं मोकळं बसलेलं असतं,
न्हाऊन केस वाळवत बसलेल्या बाईसारखं.

तशात ते आलं.

पंचांगात नव्हतं. मोबाइलवर होतं,
पण मोबाइल रोज काहीतरी म्हणतच असतो.
दुपारी जैनब मुकादम आली, खांद्यावर होडीचा जुना दोर.
"हर्णैला बावटा चढवलाय. छपरावरनं टाक.
राहतील तेवढी कौलं राहतील."
आणि पळाली. तिच्या कोंबड्या बाहेर होत्या.

आमच्या घराला आढं एक आणि चुली दोन.
आढ्याच्या बरोबर खाली भिंत घातली, त्याला सात वर्षं झाली.
पुढची पडवी, खळं, तुळस माझ्याकडे;
मागची पडवी, विहीर, फणस मुरारीभावोजींकडे.
हे मस्कतला, बोटीवर.
सात वर्षं मी पाणी जैनबच्या विहिरीचं भरते.

दोराला दगड बांधला आणि फेकला.
पहिला माझ्याच अंगावर परत आला.
दुसरा वाऱ्याने मांडवात नेऊन टाकला.
तिसरा आढ्यापलीकडे गेला
आणि कौल फुटल्याचा आवाज आला.
त्यांचं कौल.
म्हटलं, झालं, आता हेही कोर्टात निघणार.

दोर ढिला पडून होता.
माड कमरेत वाकत होते, पाऊस आडवा,
आणि थंडीचा पाऊस अंगावर थांबत नाही, हाडांत जातो.
हाताची बोटं माझी मला कळेनात.
मी कुणाची वाट बघत होते, ते मला म्हणवत नाही.

मग दोर हलला.
गळाला काही लागावं तसा, आधी जरासा.
मग ताठ झाला, आणि पलीकडून, सात वर्षांनी, हाक:
"ओढ गो वयनी! खांबाला घाल! आता सोड नको!"

मी ओढला. ते ओढत होते.
मधे अख्खं छप्पर.

रात्री आम्ही भाताच्या कणगीला टेकून बसलो,
रिद्धी, मी, शेळी, आणि गोधडीत गुंडाळलेलं सुकट.
कुळथाची पिठी खाल्ली, कोमटच.
वर एकेक कौल सुटायचं, खळकन कुठेतरी पडायचं.
रिद्धी दर वेळी विचारी,
"आई, हे आपलं की काकांचं?"
आधी मी सांगत होते. आपलं. त्यांचं. आपलं.
नंतर वारा इतका मोठा झाला
की मलाही सांगता येईना.

मध्यरात्री कधीतरी भिंतीवर थाप पडली. दोनदा.
मी दोनदा मारली.
पुढे दर थोड्या वेळाने तसंच.
एकदा फार वेळ आली नाही
तेव्हा मी पोळपाट घेऊन भिंत बडवली.
पलीकडे खोकला आला. मग शेळीसुद्धा खाली बसली.

सकाळी खळं म्हणजे लाल चिखल.
मांडव जैनबच्या माडाच्या शेंड्यात.
कुणग्यातला वाल खाऱ्या पाण्यात झोपला होता,
आणि कलमांचा नुकता फुटलेला मोहर
चुरगळून पायवाटभर.
माझी कौलं गेली तेवीस.
दुपारी गडग्यावर कुणीतरी
सतरा जुनी कौलं रचून ठेवली होती,
शेवाळ खरवडून.
मी काही म्हटलं नाही. गडग्यावरच
सुकटाची पुडी ठेवली. ती संध्याकाळी नव्हती.
मांजरानेही नेली असेल.

चौदा तारखेला दापोलीला तारीख आहे.
दोघंही जाऊ, एकाच एसटीने,
ते पुढे बसतील, मी मागे.

दोर अजून आढ्यावर आहे.
जैनब दोनदा विचारून गेली.
म्हटलं, देते गं, पण गाठ त्यांच्या बाजूला आहे.