मागचा ब्रेक

अंत्सिराबेच्या बाजारात, सायकलींच्या सुट्या भागांपलीकडे,
सुलुफूच्या दुकानात दोनच माइक होते.
एक जाडा, चांदीच्या जाळीचा, जावयासारखा ऐटीत बसलेला.
दुसरा काळा, पेन्सिलीएवढा,
डबीवरचं नावही धड चिकटलेलं नव्हतं.

"जाड्याच्या पैशात बारके दोन, वर केबल,"
सुलुफू बोटं मोजत म्हणाला.
"पण गाणाऱ्यांचा लाडका जाडा. वाद्याचं तुझं तू बघ."
माझ्या पिशवीत तीन महिन्यांच्या शिकवण्या होत्या,
मळक्या आरियारींचा गठ्ठा, रबर लावलेला.
वाद्याचं काय बघायचं, तेच तर कळत नव्हतं.
एका रात्रीच्या बोलीवर त्यानं दोन्ही दिले
आणि माझं ओळखपत्र गल्ल्यात टाकलं.

रातुवूमामा वलिहा वाजवतो.
बांबूचं नळकांडं, भोवती तारा,
तारा म्हणजे सायकलीच्या ब्रेकची केबल:
ती उसवायची, एकेक धागा मांडीवर सरळ करायचा,
खाली वाळल्या भोपळ्याच्या कपच्या सारायच्या.
पन्नास वर्षं हेच.
आता त्याचा उजवा अंगठा
सकाळी नऊच्या आत उठत नाही.
म्हणून ही घाई. तसं मी त्याला सांगितलेलं नाही.

कंडेन्सरला अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात,
त्याला फँटम म्हणतात मामा, भुताची वीज.
"आपल्याकडे सगळी वीज तसलीच," मामा म्हणाला.
सातला गेलेली नऊला आली.

आधी जाडा लावला.
हेडफोनमध्ये अख्खं घर शिरलं:
शेजारच्या कोंबड्यांची झोपेतली कुरबुर,
गार होत आखडणारा पत्रा,
खुर्ची, मामाचं नाक,
आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी
लोण्यात बुडवून काढलेली वलिहा.
छान होती. खोटं कशाला बोलू, छान होती.
पण तारेला नख लागतं, ते कुठे गेलं?

मग बारका.
नख आलं.
तांदूळ निवडावेत तशी एकेक तार वेगळी,
आणि त्यांच्याखाली, न थांबता,
सूंऽऽ
स्वस्ताईचा स्वतःचा आवाज.

मी हेडफोन मामाच्या डोक्यावर ठेवला.
त्यानं डोळे मिटले, ओठ हलवले.
"कसली सूं? मला नाही येत."
त्याला कशी येणार; त्याच्याशी बोलायचं तर
आम्ही सगळे खुर्ची ओढून कानाशी जातो.
त्यानं हेडफोन काढला.
"हाइंगु, बहिऱ्याशी लांबून बोलतात का?
त्यालाही जवळ घे की."

जवळ घेतला.
एक वीत: सूं निम्मी झाली.
चार बोटं: सूं मेली, पण बांबू पिपासारखा घुमायला लागला.
जरा मागे, जरा तिरका,
तोंड भोकाकडे नाही, अंगठ्याकडे.
दारावर मामीची गोधडी टांगली.
मामी म्हणाली, मग मी काय पांघरू?
तिला जाड्याची रिकामी पेटी उशाला दिली, तेवढ्यावर ती रुसली
आणि तो रुसवाही पहिल्या दोन टेकमध्ये आहे.

सातव्या टेकला तार तुटली.
टण्ण!
आणि तिच्यापाठोपाठ मामाची शिवी,
इतकी स्वच्छ, इतकी जवळून,
की दोघं हसत बसलो
आणि तेवढ्यात वीज गेली.
अंधारात तो म्हणाला,
"ती शिवी खोडू नकोस. बरी जमलीय."

सकाळी जाडा परत केला.
सुलुफूनं काच पुसत विचारलं, "जोडी बांधू ना?"
एकच, मी म्हटलं. अंगठा एकच आहे.
तो चक्रावला, पण पैसे नीट मोजले.

उरलेल्यात काय येईल ते घ्यायला
दोन गाळे अलीकडे थांबले.
पोरानं ग्रीस लागल्या हातानं विचारलं,
"केबल पुढच्या ब्रेकची की मागच्या?"
मागच्या, मी म्हटलं.
ती लांब असते.