नावाआधीचं टिंब

लोकरी मोज्यातून काढून त्याने ते टेबलावर ठेवलं,
राईच्या पावाच्या चुऱ्यात.
तळहाताएवढं लिनक्स, सरकता कीबोर्ड,
आणि एकच कळ झिजून काचेसारखी:
दोन ठिपक्यांचा अ.
आमच्या भाषेत बर्फ लिहायला
तो दोनदा लागतो.

"नवी सिस्टीम घाल, मार्युक्का," ताइस्तो म्हणाला,
"जुनीला आता कुणी दार उघडत नाही.
बँक नाही, हवामान खातं नाही,
नातीचा फोटो अर्ध्यावर येऊन गोठतो.
पण आतलं काही जाता कामा नये."

ओउलूच्या कारखान्यात मी अकरा वर्षं
असलीच यंत्रं तपासायचे,
प्रत्येक कळ तीनदा दाबून.
कारखाना गेला. बोटांना सवय राहिली.
अजून लिफ्टचं बटणही मी तीनदा दाबते.

आधी बॅटरी. एकसष्ट टक्के. पुरे होती,
तरी वायर लावून ठेवली.
अर्ध्या वाटेत वीज गेली
तर यंत्र जुनंही राहत नाही, नवंही होत नाही.

मग मेमरी कार्ड. मग कॉपी.
चौदा हिवाळे, हाइलुओतोच्या बर्फरस्त्याचे.
पहाटे समुद्रावर चालत जायचं,
गिरमिट फिरवायचं, भोकात पट्टी सोडायची,
आणि हातमोजा दातांत धरून टाइप करायचं:
बेचाळीस, कोरडा.
एकतीस, वर पाणी.
तेवीस. दुधाची गाडी थांबवा.

"सगळं आलं?"
"सगळं," म्हणाले, आणि जीभ चावली.
नावाआधी टिंब असलं
की लिनक्स ती फाईल यादीत धरत नाही;
असते घरातच,
पण हजेरीला तिचं नाव कुणी पुकारत नाही.

पुन्हा विचारलं, लपलेल्यांसकट.
आली सगळी टिंबवाली मंडळी:
वायफायचे पासवर्ड, घड्याळाचा रंग,
कुठल्याशा खेळातले त्याचे फालतू गुण,
आणि एक फाईल, जिच्या नावात
टिंबानंतर फक्त आकडा. एकोणीस.
आत एवढीशी ओळ असावी, आकारावरून.
मी उघडली नाही.
"ही पण घ्यायची?"
तो खिडकीकडे बघत होता. बाहेर नांगर फिरत होता बर्फाचा,
पिवळा दिवा भिंतीवरून जायचा, यायचा.
"ही आधी," म्हणाला.

नेमून दिलेली कळ दाबून धरली, केबल खुपसली.
पडदा काळा झाला.
एका कोपऱ्यात रेघ सरकू लागली, मुंगीच्या चालीने.
या वेळात कुणी काही बोलू नये असं मला वाटतं.
तो कॉफी ओतत राहिला, कप भरून बशीत आली तरी.

उठलं यंत्र. नवा पडदा, नवी अक्षरं,
जरा जास्तच हसरी.
कार्डावरचं सगळं परत आत सोडलं.
मोजलं. एकही फाईल कमी नाही.

मग ताइस्तोने चष्मा लावला.
"हे काय? सगळ्यावर आजची तारीख?"

चूक माझी. कॉपी करताना
जुन्या तारखा जप म्हणून सांगणारं एक अक्षर असतं,
ते मी लिहिलंच नव्हतं.
चौदा हिवाळे, एकाच मंगळवारी.
बर्फ शाबूत होता, केव्हाचा ते गेलं होतं.

मला वाटलं चिडेल.
त्याने खुर्ची ओढली. "वाच."
"एकतीस, वर पाणी."
"दोन हजार अकरा. मार्च. बूट फुटला होता डावा."
"बेचाळीस, कोरडा."
"ते दर वर्षी असतं. वारा लिहिलाय का बघ."
तो सांगत गेला, मी तारखा घालत गेले,
पाव संपला, नांगर परत गेला,
कुठे आम्ही भांडलो, कुठे त्याने अंदाजे ठोकून दिलं,
दोन-तीन तर मला साफ खोट्या वाटल्या.

शेवटी राहिली ती टिंबवाली.
"हिची?"
त्याने झिजलेल्या कळेवरून अंगठा फिरवला.
"हिला आजचीच राहू दे."

आणि यंत्र मोज्यात घातलं,
टाचेपर्यंत नीट खाली सरकवून.