खेपांची वही

पाळीच्या सड्यावर चढताना टॉर्चला
लाल जिलेटीन गुंडाळायचं, हा माजिकांचा नियम.
जिलेटीन चतुर्थीच्या मखरातलं, उरलेलं.
डिसेंबरची तेरा तारीख उलटून गेलेली,
दवानं जांभा गार,
आणि चटईखाली विंचू नाही ना
ते इनासियानं आधीच चपलेनं तपासलेलं.

पूर्वी इथं रात्र नव्हती.
हॅलोजनखाली टिपर धावायचे,
काजूच्या पानांवर तांबडी धूळ,
आणि आभाळ म्हणजे काचेवरचं काहीतरी,
वायपरनं पुसून टाकायचं.
माजिक चालवायचे त्यातलाच एक.
मग खाण बंद पडली.
टिपर अंगणात, टायरांवर दोडक्याचा वेल,
आणि हप्त्याच्या काळजीनं जागा राहिलेल्या माणसाला
एका रात्री डोक्यावर दिसल्या कृत्तिका.
मोजल्या. सहा.
पुन्हा मोजल्या. सात.
हा फायदा म्हणायचा की तोटा, मी विचारलं होतं.
'बँकेला विचार,' म्हणाले.

वही मात्र तीच, कंपनीची.
छापील रकाने: खेप, वेळ, कुठून, कुठे, टन.
'टन' खोडून वर निळ्या पेनानं 'तेज'.

पहिल्या दोन तासांत सदतीस.
बहुतेक बारीक, काडी ओढावी आणि पेटू नये तशा.
तन्वेश प्रत्येकीला 'ती बघा' म्हणायचा
आणि आम्ही बघेपर्यंत तिथं नुसता मृग.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं.
माजिक चहासाठी वाकलेले.
आणि माझी सावली
माझ्या पायातून निघून दगडावर धावली,
अर्धवट वळली, विझली.
हिरवा. नंतर पांढरा. साखळीच्या बाजूला दोन तुकडे.
इनासिया 'सायबा!' एवढंच म्हणाली.
खालच्या वाड्यावर सगळी कुत्री एकदम.
आकाशात धुराची रेघ, हळूहळू वाकडी होत चाललेली.

मग आम्ही चौघं एकदम सांगू लागलो,
चौघांचे चार रंग, चार दिशा.
माजिक थर्मास धरून तसेच उभे.
नऊ वर्षांत असा एकही नाही,
आणि हा आला तो पाठीमागून.
'मी वाचलं,' म्हणाले थोड्या वेळानं.
काय?
'झाकणात. सुरक्षा सप्ताह, अठ्ठ्याण्णव.
चष्म्याशिवाय.'

वहीत त्यांनी लिहिलं:
खेप अडतीस. कुठून, माहीत नाही. कुठे, माहीत नाही.
तेज: झाकणावरची अक्षरं लागतील इतकं.
आमची साक्ष त्यांनी लिहून घेतली नाही.
आम्हीही आग्रह केला नाही.

पाच बावन्नला स्थानक येणार होतं.
आलं, नैऋत्येकडून, न लुकलुकता,
किनाऱ्यावरच्या उजेडाच्या पट्ट्यातून वर.
आत माणसं आहेत, तन्वेश म्हणाला, झोपली असतील.
इनासियाचा भाऊ तारवटी आहे;
त्यालाही कधी बोटीवरून दिसतं म्हणे,
तेव्हा तो घरी फोन करतो, काही खास नसताना.
माजिकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
'वेळेवर आला,' म्हणाले,
पहाटे पाळी बदलायला येणाऱ्या ड्रायव्हरकडे बघून
म्हणत असतील, तसंच.

ते वहीत घेत नाहीत ते.
वेळापत्रकातलं, त्यांच्या मते, खेपेत धरत नाहीत.

उजाडू लागलं तशी खाण दिसली,
तळाशी हिरवं पाणी साठलेली.
चहा कुणी ओतलाच नव्हता.
झाकण उलटं, दगडावर, दवानं भरलेलं,
आणि माजिक ते उचलायच्या आधी
एकदा वाकून
परत वाचत होते.